सात नंबरचा एप्रन

शुक्रवारी संध्याकाळी लेक शाळेतून आली की माझी नजर आधी तिच्या दप्तराच्या कडेला जाते. तिथल्या हुकाला पांढरी कापडी पिशवी लोंबत असली की समजायचं, शनिवार-रविवारचं एक काम वाढलं. पिशवीत असतो एक पांढरा, लांब बाह्यांचा, डॉक्टर घालतात तसला एप्रन आणि एक टोपी. एप्रनच्या छातीवर नंबर. त्या आठवड्यात वर्गाला जेवण वाढायची पाळी ज्या मुलांची, त्यांनी तो घरी न्यायचा आणि धुऊन, वाळवून, इस्त्री करून सोमवारी परत आणायचा. सोमवारपासून तो दुसऱ्या मुलाच्या अंगात. असल्या पाळीला जपानीत ‘तोबान’ म्हणतात. आमच्या वाट्याला आला होता सात नंबर.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. शनिवारी एप्रन धुतला. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून इस्त्रीला घेतला. तिसरं बटण एका धाग्यावर लोंबत होतं. इस्त्री झाली की लावू, म्हटलं. तेवढ्यात आमटी उतू जायला लागली. मी पळाले, गॅस बंद केला आणि डाव हातात तसाच घेऊन परत आले. सातच्या आकड्याखाली दोन थेंब टपकले. पिवळेधमक.

अशा वेळी हात आधी चालतो, डोकं नंतर. मी साबण घासला. डाग लालभडक झाला. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे आमच्या घरात आजीच्या आजीलाही माहीत होतं; मी मात्र ऐन वेळी विसरले. पाण्याखाली धरल्यावर लाल गेलं, पिवळं पुन्हा हजर. नवरा मोबाइलवर उपाय शोधत होता आणि ब्लीचने आकड्याची शाई गेली तर काय, यावर मला प्रश्न विचारत होता. लेकीच्या डोळ्यांत पाणी. सोमवारी सात नंबर ज्या मुलाला जाणार होता, तो म्हणे वर्गातला सगळ्यात टापटीप मुलगा.

एप्रन घेऊन मी अंगणात आले, तर कोपऱ्यावरच्या घरातल्या आजी कुंड्यांना पाणी घालत होत्या. ऐंशी कधीच ओलांडलेली, एकटीच राहणारी बाई. डागाकडे एक नजर टाकून म्हणाल्या, “करे?” म्हणजे करी. इथल्या मुलांनाही करी-भात भारी आवडतो, त्यामुळे हळदीचा डाग जपानी आयांना नवा नाही. आजींनी एप्रन माझ्या हातातून घेतला, नळाखाली ओला केला, डाग उन्हाकडे येईल असा काठीवर पसरला आणि वर बोट दाखवून म्हणाल्या, “ओहिसामा.” ‘हि’ म्हणजे सूर्य, त्याला पुढून आणि मागून आदराची जोड दिली की ओहिसामा. आपण सूर्यनारायण म्हणतो ना, अगदी तसं.

हळदीचा रंग ज्या द्रव्याचा असतो, ते कर्क्युमिन उन्हात टिकत नाही. चार वाजता मी काठीवरून एप्रन काढला तेव्हा डाग कुठे होता हे मलाच शोधावं लागलं. या सगळ्या आनंदात बटण लावायचं राहून गेलं. ते आठवलं सोमवारी सकाळी, लेक कोपरा वळून दिसेनाशी झाल्यावर.

ऊन भरवशाचं असण्यात या गावाचा हातखंडा आहे. आम्ही राहतो ते ओकायामा शहर सात लाखांहून थोड्या जास्त वस्तीचं. ओसाकाहून पश्चिमेकडे निघालेली बुलेट ट्रेन पाऊण तासात इथे पोचते आणि बहुतेक प्रवासी इथे न उतरता हिरोशिमाला पुढे जातात. जिल्ह्याने स्वतःला नाव लावून घेतलंय ‘हारे नो कुनी’, म्हणजे निरभ्र आकाशाचा मुलूख. ही नुसती जाहिरात नाही. एक मिलिमीटरही पाऊस न पडणारे दिवस मोजले तर जपानात ओकायामाचा क्रमांक पहिला लागतो. कारण पुणेकराला नकाशा न बघताही कळेल. उत्तरेला चुगोकुचे डोंगर, दक्षिणेला समुद्रापलीकडे शिकोकु बेटाचे डोंगर. हिवाळ्यातलं बाष्प उत्तरेचे डोंगर अडवतात, उन्हाळ्यातलं दक्षिणेचे. सह्याद्रीने कोकणात पाऊस पाडून घाटावर उरलंसुरलं पाठवावं, तसा हा दोन्ही बाजूंनी घाट असलेला प्रदेश आहे.

आणि ओकायामा हे नाव आम्ही इथे येण्याआधी रोज वाचत होतो. पुण्याला सिंहगड रस्त्यावर आमचं घर. पु. ल. देशपांडे उद्यान चालत सात मिनिटांवर. तिथे फिरायला जाणाऱ्या कुणालाही माहीत आहे की त्या बागेचं दुसरं नाव ‘पुणे-ओकायामा मैत्री उद्यान’. इथल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर ती केली. नवऱ्याची बदली ठरली आणि त्याने गावाचं नाव सांगितलं तेव्हा मी म्हटलं, “म्हणजे बागेतलं?” नवरा यंत्रांच्या देखभालीचा इंजिनिअर, कारखाना मिझुशिमा बंदराच्या औद्योगिक पट्ट्यात. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आम्ही तिघं आलो. लेक तेव्हा सहा वर्षांची होती.

पहिलं वर्ष कचऱ्यात गेलं. अक्षरशः. आमच्या गल्लीतल्या आठ घरांना मिळून कचरा ठेवायची एक जागा. जळणारा कचरा नेमून दिलेल्या दिवशी, नेमून दिलेल्या पिशवीत. ती पिशवी विकत घ्यायची, म्हणजे जितका कचरा जास्त तितका खर्च जास्त. बाटल्या, डबे, कागद, जुने कपडे यांचे दिवस वेगळे. पिशव्या सकाळी ठेवायच्या आणि त्यांच्यावर जाळी ओढायची, कारण कावळे टपलेलेच असतात. पितृपक्षात ज्याची वाट बघत आपण गच्चीवर उभे राहतो, त्याच्यापासून अन्न लपवायला शिकणं मला जड गेलं. दुसऱ्याच आठवड्यात आमची बाटल्यांची पिशवी जागेवरच राहिली. बाकी सगळं उचललेलं, आमच्या पिशवीवर चिठ्ठी. गल्लीतून येणारा-जाणारा ती वाचणार. आजींनी त्या दिवशी मला अंगणात बसवून शिकवलं: झाकण वेगळं, वेष्टन सोलून वेगळं, बाटली विसळून चेपायची. आठ बाटल्या होत्या. सहा त्यांनी केल्या, दोन माझ्याकडून करून घेतल्या.

जाळी दुमडणं, जागा झाडणं, पाणी मारणं हे कामही पाळीचं. ज्या घराची पाळी त्या घराच्या दारावर एक छोटी लाकडी पाटी येते. आठवडा संपला की त्यांनी ती पुढच्या दाराला अडकवायची. वस्तीच्या मंडळाला ‘चोनाइकाइ’ म्हणतात. आपल्याकडच्या सोसायटीसारखंच, पण बंगले, भाड्याची घरं, दुकानं सगळी त्यात. मंडळाच्या सूचनाही अशाच फिरतात. पुठ्ठ्याला लावलेली कागदांची चळत, तिला ‘काइरानबान’ म्हणायचं. वाचायचं, आपल्या नावापुढे खूण करायची आणि शेजारच्या घरी पोचवायचं. हे सगळं मोबाइलवरच्या एका निरोपात भागलं असतं. पण पुठ्ठा द्यायला गेलं की शेजारणीचा खोकला बरा झाला का ते कळतं.

ही पाटी वर्षभर आमच्या दारावर आलीच नाही. सहाव्या घरावरून थेट आठव्या घरावर जायची. परदेशी माणसं, भाषा येत नाही, उगाच कशाला त्रास द्या, असा हिशेब असणार. मलाही बरंच वाटत होतं. एका संध्याकाळी लेक म्हणाली, “आई, आपल्या दारावर ती पाटी का येत नाही? आपण इथे राहत नाही का?” मी म्हटलं, “अगं, ते आपल्याला सूट देतात.” ती म्हणाली, “शाळेत सूट फक्त आजारी मुलांना देतात.”

मी दोन दिवस वाक्य पाठ केलं आणि आजींकडे गेले. वाक्य एवढंच होतं: आम्हालाही तोबान द्या. आजी थोडा वेळ बघत राहिल्या, मग आत गेल्या आणि मंडळाच्या माणसाला फोन केला. पुढच्या महिन्यात पाटी आमच्या दारावर आली. लेकीने तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला आणि तो पुण्याला आणि मालवणला पाठवला. मालवणहून सासूबाईंचा लगेच फोन. “दारार कसली पाटी लावल्यानी गो? भाड्याची?”

शाळेत मात्र पहिल्या दिवसापासून पाळी होती. परदेशी मुलांना इथे शाळेची कायद्याने सक्ती नाही, पण सरकारी शाळेत नाव घालायचं म्हटलं तर फी पडत नाही, पुस्तकंही मिळतात. सकाळी गल्लीतली मुलं एका ठिकाणी जमतात, मोठी मुलं पुढे-मागे, लहान मधे, आणि रांगेने चालत शाळेत जातात. एकही आई बरोबर नाही. पहिले पंधरा दिवस मी झाडांच्या आडून मागे गेले. सोळाव्या दिवशी रांगेतल्या शेवटच्या मुलाने वळून मला नमस्कार केला, तेव्हापासून बंद केलं.

दुपारच्या जेवणाला ‘क्यूशोकु’ म्हणतात. वाढायची पाळी असलेली मुलं एप्रन-टोपी चढवून जेवणाची भांडी वर्गात आणतात आणि प्रत्येकाच्या ताटात सारखं वाढतात. बाकीची मुलं भरल्या ताटापुढे हात आवरून बसतात. सगळ्यांना वाढून झालं की एकदम ‘इतादाकिमासु’ म्हणायचं आणि मग पहिला घास. मला हे बघून आमच्या वाड्यातली पंगत आठवली. पंक्तीच्या शेवटच्या पानावर भात पडून श्लोक झाल्याशिवाय पहिल्या पानावरचा माणूस घास उचलत नसे. जेवणानंतर मुलं वर्ग, जिने, व्हरांडे स्वतः झाडतात आणि पुसतात. शाळेतलं हे रोजचं झाडणं-पुसणं दुसऱ्या कुणाच्या अंगावर नाही. फरशी पुसायचं फडकं घरून शिवून न्यायचं असतं. मी सासऱ्यांच्या जुन्या पंच्याची चौपदरी घडी घालून त्यावर गोधडीचा धावदोरा मारला. लेकीच्या मते वर्गात सगळ्यात जास्त पाणी आमचंच फडकं शोषतं.

अडचण होती ती ताटातल्या पदार्थांची. आमच्या घरात आधीच दोन पंथ आहेत. मी शाकाहारी, नवरा मालवणी. लेक मासे खाते, गोमांस आणि डुकराचं मांस खात नाही. शाळेतून दर महिन्याला जेवणाचा तक्ता येतो, त्यात प्रत्येक पदार्थात काय काय घातलंय ते छापलेलं. मी रंगीत पेनने खुणा करते आणि त्या दिवशी डबा देते. पण वाढायची पाळी असली की जे ती खात नाही तेही तिनेच वाढायचं. हे फोनवर ऐकून सासूबाई हळहळल्या, “चेडवाक वाडूक लावतत? मगे ता जेवता कधी?” मी म्हटलं, वाढपी शेवटीच जेवतो ना आपल्याकडे. त्यावर त्या म्हणाल्या, “वाडपी जेवता, पन वाडलला जेवता!” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. लेकीकडे होतं. मांसाच्या डावात बटाटे जास्त येऊ द्यायचे की कमी, हे तिच्या हातात असतं म्हणे. मैत्रिणींना काय आवडतं ते तिला पाठ आहे.

माझा स्वतःचा लढा माशांच्या अर्काशी. जपानी सूप, भाजी, सॉस यांत ‘दाशी’ असतं आणि ते बऱ्याचदा सुकवलेल्या माशाचं. ताटात मासा दिसत नाही म्हणून पदार्थ शाकाहारी असतो असं नाही. घरी स्वयंपाक केला की प्रश्न मिटतो. तूरडाळ आणि गोडा मसाला पार्सलने येतो. संध्याकाळी सुपरमार्केटमध्ये भाज्यांवर आणि तयार पदार्थांवर किंमत कमी केल्याच्या चिकट्या लागतात. त्या लावणाऱ्या मुलाच्या मागे एक छोटी, सभ्य, कुणी कुणाला न ढकलणारी रांग असते. मीही असते. आणि एक शोध लागलाय: जपानी मिठाईसाठी मिळणारं ‘जोशिन्को’ नावाचं तांदळाचं पीठ उकडीच्या मोदकांना झकास चालतं. २०२३ साली गणेश चतुर्थी होती १९ सप्टेंबरला. मी आजींना पाच मोदक दिले. दुसऱ्याच दिवशी ‘हिगान’ सुरू झालं. दिवस-रात्र सारखी होते त्या सुमाराचा, पितरांची आठवण काढायचा आठवडा. आजी डबा परत द्यायला आल्या तेव्हा त्यात ‘ओहागी’ होते. चिकट भाताचा गोळा आणि बाहेरून लाल चवळीसारख्या अझुकीचं गोड पुरण. आपलं पुरण आत, त्यांचं बाहेर.

शेजारधर्मावर या गावाचा एक मासाही आहे. सार्डिनच्या कुळातला, तारलीचा लांबचा भाऊ म्हणावा असा. पुस्तकात त्याचं नाव साप्पा, ओकायामात मात्र ‘मामाकारी’. मामा म्हणजे भात, कारी म्हणजे उसना घेणं. शिरक्यात मुरवलेला हा मासा इतका रुचकर, की आपल्या घरचा भात संपतो आणि शेजारून उसना आणावा लागतो. नवऱ्याने पहिल्यांदा खाल्ला तेव्हा तो गप्प बसला. मालवणी माणूस मासा खाताना गप्प बसला की ते प्रशस्तिपत्र समजावं.

रविवारी आम्ही बाहेर पडतो. स्टेशनसमोर मोमोतारोचा पुतळा आहे. पीच फळातून निघालेला मुलगा, जो कुत्रा, माकड आणि फेजंट पक्षी यांना किबिदांगो नावाचे लाडू खायला घालून राक्षसांच्या बेटावर चाल करून जातो. ही गोष्ट साऱ्या जपानची, पण ओकायामा ती आपली मानतं. रस्त्याला मोमोतारोचं नाव, विमानतळालाही. आमच्या लेकीने पुतळा बघून पहिला प्रश्न विचारला होता, “भोपळ्यातली म्हातारी याची कोण?”

पुतळ्यापासून ट्राम निघते. शहरभर मिळून तिच्या दोनच लाइनी, लांबी पावणेपाच किलोमीटर. एका ट्रामवर मांजरांची चित्रं आहेत, एक मुलांच्या कार्टूनमधल्या इंजिनासारखी रंगवलेली. त्या आल्या तर बसायचं, नाहीतर पुढची येईपर्यंत थांबायचं, असा आमच्याकडे नियम आहे. मोठ्यांनी तो पाळावा लागतो. ट्रामच्या खिडकीतून रस्ते बघताना पुणेकराला आणखी एक ओळखीची गोष्ट दिसते. ओकायामाचे वाहनचालक वळताना इशारा देत नाहीत म्हणून देशभर बदनाम आहेत. शेवटी प्रशासनाने चौकांच्या अलीकडे रस्त्यावरच पांढऱ्या रंगाने एक चांदणी आणि ‘इशारा’ असा शब्द लिहून टाकला. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

ट्राम सोडून थोडं चाललं की आसाही नदी आणि तिच्या काठी किल्ला. बाहेरून काळ्या फळ्यांचा, म्हणून त्याला ‘उजो’, कावळ्यांचा किल्ला, म्हणतात. १५९७ साली उकिता हिदेइए या सरदाराने तो पुरा केला. आज दिसतो तो मधला बुरुज मात्र १९६६ चा, काँक्रीटचा. मूळचा २९ जून १९४५ च्या पहाटे अमेरिकन विमानांनी टाकलेल्या आगीच्या बॉम्बनी जळाला. त्या रात्री धोक्याचा भोंगा वाजलाच नाही. सतराशेहून जास्त माणसं गेली. आजी तेव्हा लहान होत्या. त्या फक्त एवढंच सांगतात, की आई हात धरून नदीकडे पळाली आणि एका पायातली चप्पल राहिली. आम्ही आलो तेव्हा किल्ला दुरुस्तीसाठी बंद होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये उघडला. जुन्या इमारतींपैकी १९४५ च्या आगीतून वाचलेला चंद्रदर्शनाचा एक छोटा बुरुज बाजूला उभा आहे. लोक मोठ्या बुरुजाचे फोटो काढतात आणि त्याच्यापुढून निघून जातात. आजी मात्र मला तोच दाखवायला घेऊन गेल्या होत्या.

पूल ओलांडला की कोराकुएन. इकेदा त्सुनामासा या सरदाराने १६८७ साली काम काढलं आणि १७०० साली ते पूर्ण झालं. १८८४ पासून बाग सगळ्यांना खुली आहे. जपानच्या तीन नामांकित बागांपैकी ही एक. आपलं पु. ल. उद्यान दहा एकरांचं, ही तेहतीस एकरांच्या आसपास. तळं, टेकडी, झुळझुळता पाट, लाकडी पूल, सगळं ओळखीचं. पहिल्या दिवशी मी दर दहा पावलांवर “हे आपल्याकडे आहे” म्हणत होते. तिसऱ्या-चौथ्या फेरीत नसलेलं दिसायला लागलं. सरदाराच्या या बागेत चहाचा मळा आहे आणि भाताची खाचरं आहेत. मे महिन्यात चहाची पानं खुडतात, जूनमध्ये लावणी होते. दुसरं म्हणजे बागेचा अर्धा देखावा बागेबाहेरचा आहे. पलीकडची मिसाओ टेकडी आणि नदीपल्याडचा काळा किल्ला असे दिसतील अशा बेताने झाडं आणि मोकळी हिरवळ ठेवलीय. याला जपानी माळी ‘शाक्केई’ म्हणतात, उसना घेतलेला देखावा. भात उसना, डोंगरही उसना. या गावाला उसनवारीची लाज वाटत नाही.

बागेत लाल माथ्याचे सारस आहेत. पूर्वापार होते, युद्धानंतरच्या काळात संपले. तरुणपणी ओकायामात शिकलेले चिनी लेखक गुओ मोरुओ यांनी १९५६ साली एक जोडी भेट पाठवली आणि पुन्हा सुरुवात झाली. नववर्षाच्या दिवशी सारस बागेत मोकळे सोडतात. आम्ही कुडकुडत बघायला गेलो होतो. एक सारस आमच्या डोक्यावरून इतका खालून गेला, की नवऱ्याने टोपी धरली.

जुलैत पीचच्या बागेत जायचं. इथला पांढरा पीच म्हणजे ओकायामाचा हापूस. झाडावरच एकेका फळाला कागदी पिशवी बांधतात, हाताने, हजारो. दाबून बघायची सोय नाही. बोट लागलं तिथे तपकिरी वण उठतो. देवगडच्या आंब्यांच्या अढीत वाढलेल्या माझ्या नवऱ्याला बागायतदाराने फळ दोन्ही तळव्यांवर दिलं, तेव्हा त्याने ते बाळासारखं घेतलं.

कधी आम्ही सेतो महापुलावरून समुद्रापलीकडे शिकोकुला जातो. १९८८ च्या एप्रिलमध्ये हा पूल झाला. वर मोटारी, खाली आगगाडी. ताकामात्सुपर्यंत तासाभराचा प्रवास. लेकीला खिडकीतून बेटं बघायची असतात, मला तिकडचे जाड उदोन नूडल्स खायचे असतात, तेही माशांच्या रशाशिवाय, नुसत्या सोया सॉस आणि आल्यात. पूल होण्याआधी इथे बोटी होत्या. मे १९५५ मध्ये धुक्यात दोन बोटींची टक्कर झाली आणि १६८ माणसं बुडाली. त्यांत शाळेच्या सहलीला निघालेली पुष्कळ मुलं होती. पुलाच्या मागणीला जोर आला तो तेव्हापासून, आणि शाळांतून पोहायला शिकवण्यालाही. लेकीच्या शाळेतला पोहण्याचा तलाव मला आधी चैन वाटला होता.

निरभ्र आकाशाच्या मुलखालाही पावसाने गाठलंच. जुलै २०१८ मध्ये शेजारच्या कुराशिकी शहरातल्या माबी भागात नदीचा बांध फुटला. पन्नासहून अधिक माणसं गेली, त्यांत बहुतेक म्हातारी. त्यांपैकी कित्येकांना वरच्या मजल्यावरही चढता आलं नाही. तेव्हापासून आपत्तीच्या सरावात कोण कुणाचं दार वाजवणार हा प्रश्न फार महत्त्वाचा झालाय. दारामागे पाणी, विजेरी आणि सुका खाऊ भरलेली पिशवी आम्हीही ठेवतो. दोन वर्षांपूर्वीच्या सरावात मंडळाच्या माणसाने यादी वाचली. कोपऱ्यावरच्या घरापुढे आमच्या घराचं नाव होतं. आजींचं दार वाजवायचं, त्या बाहेर येईपर्यंत थांबायचं, हात धरून शाळेच्या व्यायामशाळेपर्यंत न्यायचं. हे काम आमचं. यादी बनवताना आजींना विचारलं होतं म्हणे. सरावाच्या दिवशी लेकीने दार वाजवलं तेव्हा आजी कोट घालून, पर्स घेऊन, दोन्ही पायांत बूट नीट बांधून केव्हाच्या तयार बसल्या होत्या.

डागाच्या त्या रविवारनंतर सात नंबर मी पुन्हा पाहिला तो जुलैच्या सुरुवातीला, उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आधी. शुक्रवारी पिशवी उघडून मी आधी आकड्याखालची जागा उजेडात धरून बघितली. डागाचा मागमूस नव्हता. मग तिसरं बटण आठवलं. ते घट्ट बसलेलं होतं. बाकीची बटणं पांढऱ्या दोऱ्याने शिवलेली, हे एक किंचित दुधी रंगाच्या. मागच्या बाजूला गाठ इतकी बारीक की नखाला लागत नव्हती. मधल्या आठवड्यांत सात नंबर ज्या घरांत जाऊन आला, त्यांपैकी कुठल्या घरी हे झालं ते कळायला मार्ग नाही, आणि विचारायची पद्धतही नाही.

एप्रन धुवायला टाकला. टोपी पाहिली, ठीक होती. पिशवीची नाडी मात्र एका टोकाला विरली होती आणि आत सरकायच्या बेतात होती. पु. ल. उद्यानाजवळच्या दुकानातून आणलेली परकराची नाडी माझ्या शिवणाच्या डब्यात शिल्लक होती, पांढरी. मी तेवढी मापून कापली आणि सेफ्टी पिनला अडकवून नेफ्यात ओवायला घेतली.